भट्टीमामा आणि मेव्हण्याचा जबडा

चघळायच्या गोळ्यांच्या कारखान्यातल्या भट्टीमामाने सख्ख्या मेव्हण्याला उकळत्या पाकाच्या कढईवर उलटा धरला, अशी बातमी एका दुपारी चार ते पाचच्या दरम्यान साऱ्या वस्तीत फिरली. कारणही बातमीला बांधूनच आलं होतं. मामाला साखरेचा आजार, पाय सडत चाललेला, गोडाचा कणसुद्धा वर्ज्य. आणि मेव्हण्याने त्याच्या खिशातून चोरलेल्या गोळ्या बाहेर काढल्या, म्हणून त्याचं तोंड कायमचं बंद करायचा बेत. गोळ्या किती, यावर मात्र एकमत नव्हतं. कारखान्याच्या फाटकापाशी त्या चार होत्या, न्हाव्याच्या दुकानात मूठभर झाल्या, आणि बातमी शाळेच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत मामाचे दोन्ही खिसे, मोजे आणि टोपीसुद्धा भरून गेली होती. मामा टोपी घालत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

माणूसच असा होता की त्याच्या नावावर काहीही खपून जावं. अंगाने कपाटासारखा, मान असून नसल्यासारखी, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. साखरेच्या पोत्यावर बूट ठेवून विडी पेटवणाऱ्या ट्रकवाल्याचं नाक त्याने कपाळाच्या एका टोल्यात फोडलं होतं. वाफेच्या नळावरून बॉयलरवाल्याशी वाजलं तेव्हा बॉयलरवाल्याचे दोन दात भट्टीच्या राखेत सापडले, तिसरा सापडलाच नाही. आणि मालकाने पाकाचं तापमान मोजायला काचेचा हातभर लांब थर्मामीटर आणला, तो मामाने पहिल्याच दिवशी गुडघ्यावर आपटून मोडला. म्हणाला, ही कांडी राहील नाहीतर मी राहीन. मालकाने मुकाट्याने काचा गोळा करवल्या, कारण पाक कळणारा माणूस काचेच्या दुकानात मिळत नाही.

मेव्हण्याशी तर त्याची मारामारी म्हणजे नेमाने चालणारं काम होतं. मेव्हणा त्याच कारखान्यात गोळ्यांना कागद गुंडाळणाऱ्या मशीनवर होता. काटकुळा, पण जिभेला हाड नाही. लग्नाला आठवडा झाला नाही तोच दोघं पहिल्यांदा एकमेकांच्या गळ्यात पडले. प्रेमाने नव्हे, आवळायला. त्यानंतर तीस वर्षं इतर लोक पत्ते खेळतात तसे हे दोघं एकमेकांना बुकलत आले. मामाची बायको मधे पडत नसे. ती दोघांनाही ओळखून होती. नवऱ्याची मूठ जड, भावाची जीभ. दोन्ही पारडी सारखीच, असं ती म्हणायची आणि भाजी चिरत राहायची.

मामाचं काम बघण्यासारखं होतं. पुरुषभर तोंडाची तांब्याची कढई, खाली भट्टी, आणि आत रटरटणारा साखरेचा पाक. उजव्या हातात लाकडी वल्हं घेऊन तो पाक ढवळायचा आणि डाव्या हाताने तपासायचा. तपासायची रीत अशी: डावा हात बाजूच्या बादलीतल्या थंडगार पाण्यात बुडवायचा, ओल्या बोटांनी उकळता पाक उचलायचा आणि पुन्हा पाण्यात मारायचा, सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. बोटावरचा पाक वाकला तर कच्चा, काचेसारखा कट्‌कन तुटला तर झाला. अठराव्या वर्षी त्याच्या उस्तादाने ही विद्या शिकवली ती मनगट धरून, हात स्वतः कढईत खुपसून. पहिल्या आठवड्यात तीन बोटांची साल निघाली. मामा ओरडला तेव्हा उस्तादाने त्याला थोबाडलं आणि पुन्हा हात खुपसला. त्या दिवसापासून मामाला पाकाने कधी भाजलं नाही, आणि गोडाची चवही कधी गोड लागली नाही. पाक तो जिभेला लावत नसे. घरी कुणी गोड केलं तर त्याच्या अंगावर काटा यायचा.

आणि याच माणसाला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी साखरेचा आजार निघाला. कारखाना आठवडाभर पोट धरून हसला. मामाने गोळ्या सुरू केल्या, म्हणजे डॉक्टरांच्या, आणि हसणाऱ्यांपैकी दोघांना वल्ह्याचा प्रसाद दिला. अकरा वर्षं हे असंच चाललं. वर्षातून एकदा इस्पितळात जाऊन दंडातून रक्त द्यायचं, साखर थोडी जास्त आहे असं ऐकून घ्यायचं आणि परत भट्टीवर.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी बायकोने त्याच्या पायातला मोजा ओढला, तर मोज्याबरोबर कातडंही आलं. उकळत्या पाकाचा थेंब बुटात पडून करंगळीच्या खाली घट्ट झाला होता, आणि त्यावर मामा दोन दिवस उभा राहिला होता. आत रुपयाएवढा खड्डा, कडा पांढऱ्या, मधे काळं. बायकोने तोंडावर पदर धरला. मामा मात्र वाकून बघत राहिला. त्याला काही दुखतच नव्हतं. ट्रकवाल्याला हाणलेल्या टोल्याने त्याला झिणझिण्या आल्या होत्या, मेव्हण्याच्या चाव्याने आठ दिवस दंड ठणकला होता, आणि इथे स्वतःचा पाय कुजतोय तर पाय साधी हाकसुद्धा मारत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो घाबरला. घाबरला म्हणून त्याने बायकोवर आवाज चढवला. ती काय समजायचं ते समजली.

कारखान्याच्या भिंतीला लागूनच दवाखाना होता. तिथला ड्रेसर म्हणजे जखमा बांधणारा माणूस, हाताने मवाळ आणि तोंडाने खवचट. त्याने कात्री घेऊन मेलेलं मांस कापायला सुरुवात केली. काळे तुकडे ट्रेमध्ये पडत होते, खालून लाल फुटलं, रक्ताची धार ड्रेसरच्या मनगटावर आली, आणि मामा समोरच्या भिंतीवरच्या पालीकडे बघत बसला होता. ड्रेसर म्हणाला, मामा, निदान शिवी तरी द्या, मला कळेल तरी जिवंत मांस कुठे लागलं. मामाने मान हलवली. शिवी द्यावी असं काही लागलंच नव्हतं.

इस्पितळातल्या सर्जनने पाय दाबला, वास घेतला, रक्ताचा कागद वाचला. सर्जनही मामाच्याच जातकुळीचा, म्हणजे तापट. त्याने सरळ सांगितलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी सतरा हजार झाल्यात, अकराच्या आत हव्यात. या पेशी म्हणजे अंगातले मारेकरी. जखमेत घुसलेल्या जंतूंना ठार करायला निघालेत. पण रक्तात साखर जास्त असली की त्यांच्या हातापायातलं बळ जातं. आकडा वाढतो आणि मारामारी होत नाही.

"पंधरा दिवस. साखर दोनशेच्या खाली आणि पेशी पंधरा हजारांच्या खाली आल्या तर पाय तुमचा. नाहीतर घोट्याच्या वर कापणार."

मामाने विचारलं, एका पायावर कढईशी उभं राहता येतं का. सर्जन म्हणाला, कढईत पडता येतं.

त्याला घरी बसायला सांगितलं होतं. तो भट्टीवर बसला. एक उंच स्टूल, समोर रिकामं खोकं, खोक्यावर पट्टी बांधलेला पाय, आणि मांडीवर वल्हं. पाक दुसऱ्या कुणाला कळत नव्हता आणि मामाला घरी करमत नव्हतं. दुपारी जेवायच्या आधी तो भिंतीपलीकडच्या दवाखान्यात लंगडत जायचा. ड्रेसर पट्टी बदलायचा आणि बोटात सुई टोचून छोट्या मशीनवर साखर बघायचा. उजव्या हाताची बोटं वल्ह्याने घोड्याच्या टापेसारखी झालेली, त्यांत सुई शिरेना. म्हणून रोज डाव्या हाताचं मधलं बोट. ड्रेसर आधी स्पिरिटचा बोळा फिरवायचा, मग टोचायचा, मग आकडा सर्जनला फोनवर सांगायचा. संध्याकाळपर्यंत सर्जनचा हुकूम यायचा की इन्शुलिन वाढवा.

पहिल्या दिवशी साखर तीनशे दहा निघाली. तिसऱ्या दिवशी तीनशे सत्तर. रविवारी दवाखाना बंद. सोमवारी चारशेच्या वर. सकाळ-संध्याकाळ बायको त्याच्या पोटात इन्शुलिनची सुई मारायची, विसाचे तीस युनिट झाले, तिसाचे चव्वेचाळीस, आणि आकडा खाली यायचं नाव घेईना. औषध वाढतंय तशी साखरही वाढतेय, याचा अर्थ घरात आणि कारखान्यात सगळ्यांनी एकच लावला. मामा चोरून खातोय.

मामाने शपथ घेतली. कुणी ऐकलं नाही. ड्रेसर हसून म्हणाला की मशीनला शपथ कळत नाही. बायकोने साखरेचा डबा आपल्या कपाटात घालून कुलूप लावलं, मग तिला तेवढ्यावर चैन पडेना म्हणून पोळ्या चाराच्या दोन केल्या. सकाळी तो घामाने भिजून उठायचा, हात थरथरायचे, वाटीतली भाजी शर्टावर सांडायची. ती म्हणायची, बघा, पाप अंगातून निथळतंय. तो वाटी भिंतीवर फेकायचा. भिंतीवर भाजीचे चार डाग झाले आणि पाचव्या वेळी ती भांडलीच नाही, खाली बसून रडली. तिला तो चोर आहे याचं दुःख नव्हतं. पाय जाणार आणि हा माणूस जिभेपायी तो घालवणार, याचं होतं. लोकांची डोकी फोडणारा नवरा तिने तीस वर्षं चालवून घेतला होता. जिभेचा कच्चा नवरा तिला नवा होता.

तिने भावाला सांगितलं, तू लक्ष ठेव. त्याला जन्मभर हेच काम हवं होतं.

मग मेव्हणा मशीन सोडून दर अर्ध्या तासाने भट्टीकडे चक्कर मारू लागला. स्टुलाखाली वाकून बघ, खोक्यात हात घाल, मामाच्या जेवणाचा डबा हुंग. बायकांच्या पॅकिंग टेबलावर त्याने जाहीर केलं की भावोजी गालात गोळी धरून झोपतात. टेबल हसलं. मामाने ते ऐकलं आणि गिळलं. सर्जनने सांगितलं होतं की पाय हलवायचा नाही, आणि पायापुढे मेव्हणा म्हणजे काहीच नव्हतं.

अकराव्या दिवशी, गुरुवारी, सकाळी चव्वेचाळीसची सुई आणि अर्धी पोळी पोटात घेऊन मामा कामावर आला. दुपारी ड्रेसरने बोट टोचलं. चारशे अडतीस. ड्रेसरने मशीन त्याच्या नाकासमोर धरलं आणि म्हणाला, मामा, आता पाय विसरा, निदान कुठली गोळी आवडते तेवढं तरी सांगून ठेवा. शनिवारी पुन्हा पेशींची तपासणी होती आणि सोमवारी सर्जनची मुदत. तो जेवणाचा डबा न उघडताच परत स्टुलावर येऊन बसला. चोर म्हणवून घेतलेल्या माणसाला घास उतरत नाही.

त्यानंतरचं त्याला तुटक तुटक आठवतं. पाक चढत होता. बुडबुडे मोठे होत होते. त्याने डावा हात पाण्यात घातला आणि पाण्यात कशासाठी घातला हेच विसरला. पाठीवरून घामाचा ओघळ गेला. भिंती लांब सरकल्या. मग समोर मेव्हण्याचं तोंड आलं, फार मोठं, दात सुटे सुटे हलताहेत, आणि मेव्हण्याचा हात त्याच्या शर्टाच्या खिशात.

"काढा भावोजी. आज मी ताईला दाखवणारच."

पुढचं ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं. मामा उठला तो दुखऱ्या पायावर, जणू पायाला काही झालंच नाही. वल्ह्याचा पहिला फटका मेव्हण्याच्या जबड्यावर बसला आणि पाक पिकल्यावर येतो तसा कट्‌ असा आवाज आला. मेव्हणा कढईच्या बाजूला कलंडला. मामाने त्याला कॉलर आणि कमरेला धरून उचललं. केस वाफेत गेले, एका बाजूच्या भुवया जळाल्या. बॉयलरवाला, तोच तीन दात गमावलेला, धावत आला आणि त्याने मामाला मागून मिठी मारली. मामाने डोकं मागे आपटून त्याचा ओठ फाडला. खोकं फुटलं, बादली उलटली, थंड पाणी भट्टीच्या तोंडावर गेलं आणि सगळीकडे वाफ झाली. त्या वाफेत पाच माणसांनी मामाला खाली पाडलं. पट्टी सुटली होती. फरशीवर त्याच्या पायाचे लाल-पिवळे ठसे कढईभोवती उमटले होते, एक पूर्ण फेरा. तो काहीतरी बरळत होता, पण ते शब्द नव्हते.

इस्पितळात बायको पोचली तेव्हा त्याला पलंगाला बांधत होते. दोन वॉर्डबॉय हातांवर, पहारेकरी छातीवर. तिने चप्पल काढली आणि सरळ त्याच्या चांगल्या पायावर जाऊन बसली, म्हणजे लाथ मारणं तरी थांबेल. त्याने एका वॉर्डबॉयचा अंगठा चावून रक्त काढलं होतं. अंग घामाने चिंब, डोळे उघडे पण कुणालाच न बघणारे. इस्पितळात नुकत्याच लागलेल्या नव्या डॉक्टरांनी डाव्या हाताचं बोट स्पिरिटने पुसलं, टोचलं, मशीन बघितलं. चारशे बारा. साखर डोक्यात गेलीय, असं ते म्हणाले, आणि शिरेतून इन्शुलिन द्यायला सुई भरली. सर्जनला फोन झालाच होता. त्याचा निरोप आला की पेशींचं रक्त आत्ताच काढा, शनिवारची वाट बघायला नको. उद्या सकाळी घोट्याच्या वर. बायकोने तो निरोप नवऱ्याच्या गुडघ्यावर बसून ऐकला.

रक्त काढायला प्रयोगशाळेतली बाई आली. सगळे तिला रक्तवाल्या बाई म्हणत. चष्मा जाड, उंची बेताची, आणि तीस वर्षं लोकांना टोचून टोचून स्वभाव सुईसारखा. तिने डाव्या दंडाला रबर आवळलं, शीर धरली आणि पेशींसाठी नळीभर रक्त ओढलं. मामाचा हात सुटू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताने त्याची बोटं दाबून धरली होती. रक्त काढून झाल्यावर ती आपला हात सोडवायला गेली, तर हातमोजा निघेना. रबराचा मोजा मामाच्या बोटांना चिकटला होता. तिने जोर लावला तेव्हा मोज्याचं टोक फाटून बोटावरच राहिलं.

तिने वाकून ते चिकट बोट जवळून पाहिलं. मग ट्रेमधल्या मशीनमध्ये तिने नवी पट्टी घातली आणि सिरींजमधला, दंडातून काढलेला एक थेंब तिच्यावर सोडला.

एकतीस.

नव्या डॉक्टरांची सुई तेव्हा शिरेला टेकत होती. बाईने त्यांच्या मनगटावर ट्रे मारला. सुई उडून पहारेकऱ्याच्या पायाशी पडली.

"साखर सत्तर तरी लागते, याची एकतीस आहे. ती सुई गेली असती तर माणूस गेला असता," ती म्हणाली. "ग्लुकोज आणा. घट्टवाला. आत्ता."

जाड सिरींजमधून साखरेचं पाणी शिरेत जाऊ लागलं. अर्धी सिरींज झाली तेव्हा लाथ थांबली. पूर्ण झाली तेव्हा आवळलेले दात सुटले. दुसरी लावली आणि मामाने पापण्या मिटून उघडल्या. त्याने छातीवरच्या पहारेकऱ्याकडे पाहिलं, मग पायावर बसलेल्या बायकोकडे.

"पाक उतरवला का कुणी?" त्याने विचारलं.

बायकोने त्याच्या थोबाडीत मारली. मग त्याच्याच छातीवर डोकं ठेवून हुंदके देत बसली. तीस वर्षांत तिने त्याला मारलेली ती पहिली थप्पड. वॉर्डबॉयचं म्हणणं असं की जोर बघता सराव असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तवाल्या बाई पुन्हा आल्या. मामा कानकोंडा होऊन पडला होता. रात्रभरात दंडातून चार वेळा रक्त घेतलं होतं. साखर कधी एकशे ऐंशी, कधी दोनशे दहा. म्हणजे होती थोडी जास्त, पण चारशे कुठेच नव्हती. बाई पलंगाच्या कडेला टेकल्या.

"मामा, भट्टीवर किती वर्षं झाली?"

"चाळीस."

"हाताला लागलेली साखर कशाने निघते?"

"पाण्याने."

"आणि स्पिरिटने?"

मामाने आपल्या डाव्या बोटाकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्याने साखरेशी काम केलं होतं. भांड्याला चिकटलेला पाक दारूने पुसून कुणी काढत नाही, तो कोमट पाणी ओतून काढायचा असतो, हे कारखान्यातला परवा लागलेला माणूसही सांगेल. कामावरून उठताना तो हात ज्या फडक्याला पुसायचा, ते फडकंही दिवसभर पाकातच लोळायचं. आणि अकरा दिवस, एक रविवार सोडून, त्याने तेच बोट ड्रेसरसमोर धरलं होतं. साखरेच्या थरातून वर आलेला रक्ताचा थेंब बिचारा गोडच निघणार. मशीनने जे चाटलं ते सांगितलं. आणि त्या खोट्या आकड्यावर वाढवलेल्या इन्शुलिनने खरी साखर तळाला नेली; घाम, थरथर, बरळणं सगळं त्यातलंच. बादलीतलं पाणीसुद्धा दुपारपर्यंत सरबत झालेलं असायचं.

"मी चोर नव्हतो," तो हळूच म्हणाला.

"नव्हता," बाई म्हणाल्या. "पण पेशी मात्र खऱ्या आहेत."

त्या खऱ्या होत्या. चोवीस हजार सहाशे. मारेकऱ्यांची फौज वाढली होती आणि त्यांत निम्मे कोवळे, अर्धवट वाढलेले, कारण पिकलेले कमी पडले म्हणून हाडांच्या पोकळीतून अंगाने मिळेल तो सैनिक बाहेर ढकलला होता. लाल पेशींचा तर दुष्काळ. रक्त फिकट पडलेलं. कढईभोवतीच्या त्या एका फेऱ्याने जखम तळव्यात आतवर फाटली होती.

सर्जन आला. त्याने आधी ड्रेसरला फोनवर जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही, आणि मग स्वतःलाही दोन शब्द सुनावले, कारण इन्शुलिन वाढवणारा हात त्याचाच होता. नंतर तो पायाकडे वळला. बायकोने त्याचा रस्ता अडवला. ती म्हणाली की तुमचा निम्मा हिशेब खोटा निघालाय, आता पाय कापायचा तर मला आधी समजावून सांगा. सर्जनला असं कुणी अडवत नसे. तो थांबला. त्याने सांगितलं की एवढं इन्शुलिन देऊन साखर उतरत नाही म्हणजे विष वर चढलं, असं तो धरून चालला होता. तसं नसेल तर पू तळव्यातच कोंडलेला असू शकतो. तळवा उघडून बघतो. दोन बोटं जातील. चार दिवसांत पेशी उतरल्या तर पाय राहील; उतरल्या नाहीत तर तिने त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही.

ती म्हणाली, नाही राहणार.

सुरी टाचेपासून बोटांपर्यंत गेली. पू इतक्या जोराने उसळला की सर्जनच्या चष्म्यावर आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बादलीत गेलं, सडलेली शीर ओढून काढली, हाड खरवडलं. मामा शुद्धीवर आला तेव्हा पाय ठणकत होता. खरोखर ठणकत होता, आतून, टाचेच्या वर. त्याने अशी एक कचकचीत शिवी हासडली की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. बायको मात्र ती शिवी ऐकून हसली.

रविवारी पेशी एकोणीस हजार. मंगळवारी चौदा हजार दोनशे. रक्तवाल्या बाई कागद घेऊन स्वतः वर आल्या आणि तो उशीवर ठेवून गेल्या. पुढच्या शुक्रवारी दहा हजार आठशे. सर्जनने पाय दाबला, वास घेतला आणि म्हणाला की वास आता पायाचाच येतोय. एवढंच. बायकोने त्या दिवशी चार पोळ्या पाठवल्या.

मेव्हणा खालच्या मजल्यावर होता. जबडा तारांनी बांधलेला, एका भुवईच्या जागी भाजल्याचा डाग, नळीने दूध पितोय. तीस वर्षांत तो प्रथमच गप्प बसला होता आणि बहीण रोज त्याच्याशी पोटभर बोलून घेत होती. तिनेच त्याला सगळं सांगितलं, बोटापासून एकतीसपर्यंत. मामाला चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं, तेव्हा खुर्ची मेव्हण्याच्या खाटेला लावली. मेव्हण्याने हात पुढे करून त्याच्या शर्टाचा खिसा चाचपला, आत बोट घालून तो उलटा केला, आणि तारांतून फुसफुस हसला. हसल्यामुळे त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण जबडा मोडलेल्या माणसाने हसू नये.

पोलीस जबाब घ्यायला आला, तेव्हा मेव्हण्याने पाटीवर लिहून दिलं की ओल्या फरशीवर पाय घसरला आणि वल्ह्यावर पडलो. पोलिसाने कढई पाहिली होती, ठसे पाहिले होते. त्याने पाटी दोनदा वाचली आणि टोपी डोक्यावर ठेवून निघून गेला. आता पाच माणसांनी डोळ्यांनी पाहिलेली मारामारी मार खाणाराच नाकारतो म्हटल्यावर वस्तीला दुसरं काय वाटणार? दोघं मिळून काहीतरी लपवताहेत. गोळ्या चोरीचा माल होत्या, मेव्हण्याचाही वाटा होता, मालकाला कळलं तर दोघांची नोकरी जाईल म्हणून मिटवलं. बातमीला नवे पाय फुटले आणि ती आणखी दोन वर्षं चालली. मामा तिसऱ्या महिन्यात कढईशी परतला, एका बुटात कापूस कोंबून. ड्रेसरने दवाखान्याच्या दारात साबण आणि पाण्याची बादली ठेवली. मामाने कुणाला काही समजावलं नाही. फक्त एकदा न्हाव्याने टोपीबद्दल विचारलं, तेव्हा न्हाव्याचा आरसा फुटला.

त्या दुपारी मामाच्या खिशात काही नव्हतं. त्याने गोळी चोरली नव्हती, खाल्ली नव्हती. त्याच्या बोटावर पाक होता आणि रक्तात साखर एकतीस होती.